कळसूबाईची वाट

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, असा प्रश्न विचारताच तुम्ही एका सुरात 'कळसूबाई' असे उत्तर द्याल. तिची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट, हेही तुम्हांला पाठ असेल. परंतु भूगोलाच्या पुस्तकातील शिखर आणि पायांखालचे शिखर यांत फार अंतर असते. ते अंतर कसे तोडावे, हे आज आपण पाहू.

अकोले तालुक्यातील बारी हे या शिखराच्या पायथ्याचे गाव. गावातून वर पाहिले, म्हणजे डोंगर एखाद्या प्रचंड जिन्यासारखा दिसतो. भातखाचरे संपतात, तोच चढण लागते. चढण संपते, तोच सपाट पदर येतो आणि पदर ओलांडला, की समोर काळा कातळ उभा ठाकतो. पुन्हा पदर, पुन्हा कातळ! असा जिना कोणी बरे घडविला असेल?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हारसाचे लोट बाहेर पडले. एक थर थिजावा, त्यावर दुसरा पसरावा, असे पुष्कळ काळ चालले. त्यांतील काही थर अतिशय कठीण, तर काही ठिसूळ होते. ऊन, वारा आणि पाऊस यांनी ठिसूळ थर झिजवून त्यांचे उतार केले. कठीण थर मात्र ताठ उभे राहिले, तेच आजचे कडे होत. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्रॅप' अशा उच्चाराचा शब्द आहे. त्यावरूनच या खडकाला 'दख्खनचा ट्रॅप' हे नाव मिळाले. सह्याद्रीचा प्रवासी थोडा वेळ चालतो व थोडा वेळ चढतो, याचे कारण या थरांत आहे.

कळसूबाईच्या अवघड कातळांवर आता लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. परंतु सह्याद्रीत असे कितीतरी टप्पे आहेत, की जेथे शिडी नाही. तेथे हात आणि पाय हीच माणसाची शिडी. या चढाईचा मुख्य नियम अगदी सोपा आहे. दोन हात आणि दोन पाय मिळून आपल्याला चार आधार आहेत. त्यांपैकी तीन नेहमी खडकावर स्थिर असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. म्हणजे एखादा आधार निसटला, तरी उरलेले दोन आपल्याला सावरून धरतात. जो दगड धरावयाचा, तो आधी हाताने हलवून पाहावा. जो डळमळतो, त्यावर विसंबू नये. गवताच्या झुबक्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नये. त्याची मुळे मातीत असतात, कातळात नव्हे.

शरीराचा भार पायांनी उचलावा. हात केवळ तोल सांभाळण्यासाठी आहेत. घाबरलेला मनुष्य कातळाला मिठी मारतो. त्याला वाटते, आपण अधिक सुरक्षित झालो. पण घडते उलटेच. अंग खडकाला चिकटले, की भार तिरपा पडून पाय बाहेर सरकू लागतात आणि पुढची खाचही दिसेनाशी होते. अंग थोडे दूर ठेवून ताठ उभे राहिले, तर भार सरळ तळव्यावर येतो आणि पाऊल घट्ट बसते. धीट मनुष्य कमी पडतो, त्याचे एक कारण हेही आहे!

मात्र धीटपणा वेगळा आणि हट्ट वेगळा. हा भेद मला शिकविला तो बारीच्या एका वृद्ध वाटाड्याने.

मी तेव्हा तरुण शिक्षक होतो. ऐन श्रावणात आठवीच्या मुलांना घेऊन मी कळसूबाई चढत होतो. शेवटची शिडी तेवढी राहिली होती. तोच धुके दाटले, वारा सुटला आणि पाऊस कोसळू लागला. वाटाडा थांबला. तो म्हणाला, "गुरुजी, आता माघारी फिरा."

"अहो बाबा, एवढीशीच तर वाट राहिली!" मी म्हणालो.

"वाट ऱ्हाऊ द्या. कळसूबाई कुठं पळून चालली न्हाई. पण खालचा ओढा थांबायचा न्हाई."

मुले हिरमुसली. एक मुलगा तर रडू लागला. मलाही वाईट वाटले. पण वाटाड्याच्या स्वरात असे काही होते, की मी निमूटपणे फिरलो. पायथ्याजवळ आलो, तेव्हा सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा कमरेला लागत होता. गावकऱ्यांनी दोर बांधून एकेका मुलाला पलीकडे घेतले. शेवटचा मुलगा पोहोचून अर्धा तास झाला नसेल, तोच लाल पाण्याचा लोंढा झाडाच्या फांद्या वाहून नेताना आम्ही काठावरून पाहिला. कोणी काही बोलले नाही. रडणारा मुलगा हळूच वाटाड्याजवळ जाऊन उभा राहिला.

वर पोहोचलो म्हणजे चढाई पूर्ण झाली, असे आपण समजतो. तीच आपली चूक. शिखर हा प्रवासाचा मध्य आहे, शेवट नव्हे. उतरताना पाय थकलेले असतात, पावलाखालची खाच दिसत नाही आणि मन आनंदात असल्यामुळे सावधपणा सुटतो. युरोपातील आल्प्स पर्वतात मॅटरहॉर्न नावाचे ४४७८ मीटर उंचीचे उभे शिखर आहे. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा सोबती त्यावर प्रथम पोहोचले. परंतु उतरताना एकाचा पाय घसरला, दोरीने जोडलेले आणखी तिघे त्याच्याबरोबर ओढले गेले, दोर तुटला आणि चौघेही प्राणांस मुकले. ज्या शिखराने त्यांना चढू दिले, त्यानेच त्यांना उतरू दिले नाही. म्हणून उभ्या कातळावरून उतरताना खडकाकडे तोंड करावे, घाई करू नये आणि उजेड सरण्यापूर्वी पायथा गाठावा.

पुढे मार्गशीर्षात त्याच मुलांना घेऊन मी पुन्हा गेलो. आकाश स्वच्छ होते. माथ्यावरील लहानशा देवळापाशी उभे राहून आम्ही अलंग, मदन, कुलंग, रतनगड आणि भंडारदऱ्याचे निळे पाणी डोळे भरून पाहिले. श्रावणात रडलेला तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, वाटाडेबाबांचे खरे होते. कळसूबाई इथेच आहे."

डोंगर चढण्यासाठी बळकट पाय लागतात, हे खरेच. पण कोठे थांबावे हे ओळखण्यासाठी त्याहून बळकट मन लागते.