टोळ शेजाऱ्याकडे बघून वळतो का?

मे 2020मध्ये विदर्भातले शेतकरी डबे-थाळ्या वाजवून टोळ हाकलत होते. उडती टोळधाड सगळ्यांच्या लक्षात राहते. पण तिची सुरुवात वाळवंटी मुलखात, पंख न फुटलेल्या पिल्लांच्या पायी फौजेतून होते. एरवी एकमेकांना टाळणारी ही पिल्लं दाटी वाढली की एकाच दिशेनं कूच करतात. त्यांना हुकूम देणारं कोणीच नसतं. मग लाखोंची दिशा ठरते कशी?

हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ तमाश विचेक यांनी सहकाऱ्यांसह 1995 साली अशा सामूहिक चालीसाठी एक सोपं गणित सुचवलं. प्रत्येक कण ठरावीक वेगानं चालतो आणि आसपासच्या कणांच्या दिशांची सरासरी काढून आपली दिशा धरतो. त्यात थोडी चूकभूल धरलेली असते. एवढ्यावर संगणकात गंमत दिसते : गर्दी विरळ असेपर्यंत नुसता गोंधळ, आणि एका मर्यादेपलीकडे अवघा घोळका एका वाटेला.

2006मध्ये हे टोळांवर तपासलं गेलं. 80 सेंटिमीटर व्यासाच्या गोल रिंगणात पिल्लं सोडली. पाच-सात असताना जो तो आपल्या तंद्रीत. दहा ते पंचवीस झाली की फेर धरायची, पण मध्येच सगळीच्या सगळी उलटी फिरायची. तिशीपुढे मात्र एकच दिशा, तीही तासन्‌तास. गणित तंतोतंत जुळलं! पुढे असंही दिसलं, की या शिस्तीमागे भूक आणि भीती आहे. मागचा टोळ पुढच्याला चावतो, म्हणून थांबणं परवडत नाही.

एवढं जुळल्यावर शंका कोण घेणार? पण 2025मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं मूळ नियमच मोडीत काढला. संशोधकांनी 2020मध्ये केनियात टोळांच्या झुंडी टिपल्या होत्या. प्रयोगशाळेत त्यांनी एकेका टोळाला आभासी झुंडींमध्ये सोडलं. डावी-उजवीकडून दोन झुंडी समांतर जात असताना मधल्या टोळानंही तीच दिशा धरायला हवी होती. तो वळून त्यांतल्या एका झुंडीकडेच गेला. म्हणजे तो शेजाऱ्यांच्या चालीची सरासरी काढत नाही; डोळ्यांना जे दिसतं त्यातलं एक लक्ष्य निवडून तिकडे जातो.

घोळक्याचं चित्र हुबेहूब उतरलं, म्हणून टोळाच्या डोक्यातलं कळलं असं नव्हे. ही चपराक बाहेरच्या कुणी मारलेली नाही. 2006च्या शोधनिबंधावर संशोधक इअन कझिन यांचं नाव होतं. 2025च्या निबंधावरही आहे.