वहीखात्याची वकिली

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती आपल्याला काळजीपोटी सांगितलेली असते. पण मैत्रिणींनो, या म्हणीचा सर्वांत जास्त फायदा कोण घेतं माहीत आहे? ज्याला तुमचे पैसे द्यायचे नाहीत तो! ही बाई काही कोर्टात जात नाही, चार चकरा मारील आणि गप्प बसेल, हा त्याचा हिशेब पक्का असतो.

आज आपल्यातल्या कितीतरी जणी पापड-मसाल्यांपासून शिवणकामापर्यंत लहानमोठा धंदा करतात. माल वेळेवर देतात. पैशाचं मात्र 'पुढच्या सोमवारी या.' अशा वेळी उपयोगी पडणारी वकिली म्हणजे व्यापारी दाव्यांची वकिली. मुलगी वकील झाली म्हटलं, की आपल्याला घटस्फोट आणि पोटगीच आठवते. पण करारभंग, थकलेली बिलं, भागीदारीतले तंटे, विम्याचे दावे, ट्रेडमार्कची भांडणं हेही वकिलीचं मोठं क्षेत्र आहे, आणि त्यात बायकांनी नाव काढलं आहे.

बंद दारापासून मुख्य न्यायमूर्तिपदापर्यंत

आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पण बायकांना वकिली करू देणारा कायदा आपल्या देशात आला १९२३ साली. म्हणजे शिकूनसवरूनही या बाईंना हक्काने कोर्टात उभं राहण्यासाठी तीस वर्षं थांबावं लागलं! त्यानंतर मिठन लाम या मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

पण व्यापारी खटल्यांबद्दल बोलायचं तर मला आठवतात त्या सुजाता मनोहर. १९३४ चा जन्म. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आणि पुढे ऑक्सफर्डला शिक्षण. तिथे विषय तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र. लंडनला बॅरिस्टर होऊन त्या परतल्या आणि १९५८ पासून मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे 'ओरिजिनल साइड'ला, वकिली करू लागल्या. मुंबई शहरातले मोठ्या रकमांचे दिवाणी दावे थेट हायकोर्टात चालत ते याच शाखेत. इथली रीत अशी, की सॉलिसिटर कागद तयार करणार आणि कौन्सेल न्यायाधीशांपुढे बाजू मांडणार. म्हणजे सॉलिसिटरने काम दिलं तरच कौन्सेलकडे काम येणार. त्या काळात कोर्टात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. लाखोंच्या व्यवहाराचे कागद एका तरुण बाईच्या हाती द्यायला कितीजण राजी झाले असतील, याचा विचार करून पाहा!

तरीही त्या टिकल्या. त्यांच्याकडे प्रामुख्याने व्यापारी दावे असत. जोडीला मोफत कायदेशीर मदत योजनेतून त्या कौटुंबिक खटलेही चालवत. वीस वर्षांच्या वकिलीनंतर १९७८ मध्ये त्या मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. १९९४ मध्ये तिथल्याच पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती, मग केरळच्या मुख्य न्यायमूर्ती आणि त्याच वर्षअखेरीस सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीश. फातिमा बीवींनंतर त्या तिथल्या दुसऱ्याच महिला.

१९९७ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 'विशाखा' निकाल आला, तो तीन न्यायाधीशांच्या ज्या पीठाने दिला त्यात सुजाताबाई होत्या. त्याच निकालाच्या पायावर पुढे २०१३ चा कायदा उभा राहिला. मला वाटतं, वहीखाती आणि करारपत्रं वर्षानुवर्षं वाचलेल्या माणसाला नुसती सहानुभूती पुरत नाही, हे नेमकं कळतं. नियम काय, जबाबदारी कोणाची, हे कागदावर यावं लागतं. विशाखा निकालाने तेच केलं.

कोर्ट आलं जिल्ह्यापर्यंत

तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबईचं झालं, आमच्या तालुक्याला काय त्याचं? तर ऐका. २०१५ साली व्यापारी न्यायालयांचा कायदा झाला. तेव्हा एक कोटी किंवा त्याहून मोठे दावेच त्यात येत. २०१८ मध्ये ही मर्यादा तीन लाखांवर आणली. त्यामुळे छोट्या गावातल्या उद्योजिकेचा दावाही आता यात बसू शकतो. समोरच्याने तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. कोर्टाने सवड दिली तरी १२० दिवसांच्या पुढे नाही. त्यानंतर त्याचा उत्तर देण्याचा हक्कच जातो. तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी करून पाहणं बंधनकारक आहे. ही मध्यस्थी विधी सेवा प्राधिकरणामार्फत होते.

माझ्या ओळखीच्या एक शिवणवाल्या ताई आहेत. यजमान गेल्यावर त्यांनी सहा बायका हाताशी घेऊन काम उभं केलं. जिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी शाळेचे गणवेश शिवून दिले. बिल झालं तीन लाख ऐंशी हजार. आठ महिने चकरा मारल्या. मग म्हणायला लागला, 'शिलाई खराब होती.' इकडे सहा घरांची मजुरी अडकलेली!

त्यांना घेऊन मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका तरुण वकीलताईंकडे गेले. त्यांनी रडगाणं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कागद काय काय आहेत?" ताईंनी पिशवीतून एक वही काढली. कोणत्या तारखेला किती नग पाठवले, ते उतरवून घेणाऱ्याची सही. वकीलताईंचा चेहरा खुलला. "काकू, तुमची निम्मी केस या वहीतच आहे," त्या म्हणाल्या. चार महिन्यांत व्यापाऱ्याने एकदाही शिलाईची लेखी तक्रार केलेली नव्हती, हेही त्यांनीच हेरलं.

मध्यस्थीचा अर्ज झाला. पहिल्या नोटिशीला गृहस्थ आलेच नाहीत. शेवटची नोटीस गेली तेव्हा आले. तीन बैठकांनंतर चार हप्त्यांत पूर्ण मुद्दल द्यायचं ठरलं. ताईंनी व्याज सोडलं. ते त्यांना जड गेलं, पण पोरींची मजुरी आधी, असं त्या म्हणाल्या. अशा तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकं बळ असतं. हप्ता चुकला तर वसुलीसाठी थेट कोर्टात जाता येतं. त्यामुळे हप्ते आले, बरं का!

या कामाला काय लागतं?

त्या वकीलताईंशी नंतर बऱ्याच गप्पा झाल्या. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम केला. पदवीनंतर करायचा तर तो तीन वर्षांचा. मग महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. पहिली काही वर्षं सीनिअरच्या हाताखाली, जेमतेम प्रवासखर्च निघेल इतकीच कमाई. ऑफिसात एकट्या बसल्या असल्या की पक्षकार विचारायचे, "वकीलसाहेब कधी येतील?"

"भांडायला लागत नाही का हो फार?" मी विचारलं. त्या हसल्या. "त्याहून जास्त वाचायला लागतं. खातेउतारे, बिलं, पत्रं. कुठे तारीख जुळत नाही, कुठे सही वेगळी आहे, ते शोधायचं."

हे ऐकून वाटलं, दूधवाल्याच्या खाड्यापासून भिशीच्या हप्त्यापर्यंत सगळा हिशेब ज्यांच्या डोक्यात पक्का असतो, त्या घरांतल्या मुलींना हे काम अवघड का जावं? मुलीने कायद्याला जायचं म्हटलं तर 'स्थळं कशी येतील' म्हणून तिला अडवू नका. निदान एकदा जिल्हा कोर्टात नेऊन आणा.

आणि आपण काय करायचं?

धंदा करणाऱ्या मैत्रिणींनी या गोष्टी लिहूनच ठेवाव्यात:

तुम्ही माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर 'उद्यम' नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे आणि माल देण्याआधी झालेली बरी. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योग कायद्याने खरेदीदाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत घेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवणवाल्या ताईंची नोंदणी असती तर या कायद्याच्या सुविधा परिषदेकडेही दाद मागता आली असती. आता त्यांनी ती करून घेतली आहे.

चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्या. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करावी लागते.

उधारीच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. चकरा मारण्यात ती वर्षं घालवू नका.

वकिलाच्या फीची धास्ती वाटत असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे.

आणि हो, माल देताना पोच घ्या, सही घ्या, तारीख टाका. ओळखीचा माणूस असला तरी घ्या. उलट ओळखीचा असेल तर आठवणीने घ्या! सही मागितली म्हणून जो रागावतो, त्याला उधार माल द्यायचा की नाही, हे तिथल्या तिथेच ठरवता येईल.