वानखेडेवरचे पाहुणे

चर्चगेटहून लोकल सुटली की मरीन लाइन्स येईपर्यंत डाव्या हाताला वानखेडे स्टेडियम दिसतं. आत मॅच चालू असली आणि गलका उठला की दारात उभा असलेला माणूस मान बाहेर काढतो आणि मागून डबाभर एकच प्रश्न: ‘कोण गेला?’

हे स्टेडियम भांडणातून उभं राहिलं. भांडण खुर्च्यांचं. ब्रेबॉर्नवरच्या कसोटीची तिकिटं कुणाला किती, यावरून बॉम्बे क्रिकेट असोसिएशन आणि ब्रेबॉर्नची मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांचं जमेना. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष, विदर्भातले राजकारणी शेषराव वानखेडे इरेला पेटले. हाकेच्या अंतरावर एक स्टेडियम असताना दुसरं बांधायचं, म्हणजे व्यवहार कमी आणि हट्ट जास्त. शशी प्रभूंनी आराखडा केला आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झालीसुद्धा.

क्लाइव्ह लॉइडनं त्यात नाबाद २४२ धावा ठोकल्या. द्विशतक होताच त्याला शाबासकी द्यायला धावलेल्या एका पोराला पोलिसांनी बडवलं, गॅलऱ्या खवळल्या आणि त्या दिवशीचा खेळ तिथेच संपला. आपल्याकडून शतक काढलं एकनाथ सोलकरनं. जवळच्याच हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा हा मुलगा. कसोटीतलं त्याचं हे एकमेव शतक. सामना मात्र पाहुण्यांनी २०१ धावांनी नेला.

तेव्हापासून ही रीतच पडली म्हणायची. १९८० मध्ये इयान बोथमनं एकाच कसोटीत शतक ठोकलं आणि तेरा बळी घेतले. १९८७ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात ग्रॅहम गूचनं स्वीप मारमारून आपल्या फिरकीचा भुगा केला. २०२३ मध्ये अफगाणिस्तानविरुद्ध ऑस्ट्रेलियाची अवस्था सात बाद ९१. पाय गोळ्यांनी आखडलेले, तरी मॅक्सवेलनं जागच्या जागी उभं राहून नाबाद २०१ काढल्या. घरच्यांच्या वाट्याला काही आलंच नाही असं नाही. रवी शास्त्रीचे सहा षटकार इथलेच, २ एप्रिल २०११ चा धोनीचा षटकारही इथलाच, आणि सचिननं बॅट खाली ठेवली तीही इथेच.

पण माझ्या मते वानखेडेचा खरा मानकरी एजाझ पटेल. जन्म मुंबईतला, लहानपणीच न्यूझीलंडला गेलेला. डिसेंबर २०२१ मध्ये इथल्या लाल मातीवर त्यानं भारताचा अख्खा डाव एकट्यानं गुंडाळला: ११९ धावांत १० बळी. त्याच्या आधी कसोटीत हे फक्त जिम लेकर आणि अनिल कुंबळेला जमलं होतं. बिचाऱ्याचा संघ उत्तरादाखल ६२ धावांत कोसळला! त्याची परतफेड त्यानं नोव्हेंबर २०२४ मध्ये केली. भारताला १४७ हव्या होत्या. एजाझनं सहा जण टिपले, पहिल्या डावात पाच टिपले होतेच. वानखेडेवर दोन कसोटी, सगळे डाव धरून पंचवीस बळी. त्या रविवारी आपण हरलो तेही पंचवीसच धावांनी.