होडीसाठी जुने इंजिन घेताना

नांदेड जिल्ह्यातील विष्णुपुरी, लिंबोटी व बारूळ आणि लातूर जिल्ह्यातील घरणी, तिरू यांसारखे जलाशय पावसाळ्यानंतर भरले की जाळी दूरवर टाकावी लागतात. वाऱ्याविरुद्ध वल्ही मारून माणूस थकतो. अशा वेळी होडीच्या मागे बसविण्याचे जुने टू-स्ट्रोक इंजिन स्वस्तात मिळत असेल, तर ते घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो व त्याला चालवूनही पाहतो. इंजिनाची पारखही तशीच व्हावयास हवी.

गरज किती?

पंधरा-सोळा फुटी साध्या होडीस ८ ते १० अश्वशक्ती पुरेशी होते. अधिक शक्तीने अवजड होडीचा वेग फारसा वाढत नाही, इंधन मात्र वाढते. १० अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला सुमारे ४ ते ५ लिटर पेट्रोल खाते. हा खर्च मासळीच्या उत्पन्नातून निघतो की नाही, याचा हिशेब सौद्याआधी मांडावा. जाळी काठाजवळच टाकावयाची असतील, तर वल्हेच परवडते.

होडीची मागची फळी १५ इंच उंच असेल तर आखूड दांड्याचे, २० इंच असेल तर लांब दांड्याचे इंजिन लागते. दांडा गरजेपेक्षा लांब असल्यास पाणी उतरल्यावर पंखा बाभळीच्या खुंटांत व जाळ्यांत अडकण्याचा धोका वाढतो.

पारख कशी करावी?

इंजिन कोरडे कधीही चालवू नये. त्यातील पाणी ओढणारी रबरी चक्री काही क्षणांत खराब होते. पिंपात पाणी भरून त्यात इंजिनाचा खालचा भाग बुडवावा व ते थंड असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. थंडाव्याच्या पाण्याची धार बाहेर अखंड पडली पाहिजे.

नंतर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मिस्त्रीकडून मोजून घ्यावा. दोहोंत दहा टक्क्यांहून अधिक फरक आढळल्यास रिंगा अथवा पिस्टन झिजल्याची शंका घ्यावी. गिअरचे तेल दुधाळ निघाले तर सीलमधून आत पाणी शिरले आहे, आणि त्यात धातूचे कण दिसले तर गिअर खराब झाले आहेत, असे समजावे. इंजिन समुद्रावर वापरलेले असेल, तर मिठाने त्याचे बोल्ट गंजतात व पाण्याच्या वाटा बुजतात. अशा इंजिनाची तपासणी दुप्पट काळजीने करावी. क्रमांक पावतीशी जुळवावा, आणि सुटे भाग कोठे मिळतात, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

वापर व निगा

पेट्रोलमध्ये तेल किती मिसळावे, हे उत्पादकाच्या सूचनेवरून ठरवावे. ५० भागांस १ भाग सांगितला असेल, तर लिटरमागे २० मिलिलिटर तेल लागते. तेल कमी पडल्यास पिस्टन अडकतो. उन्हाळ्यात जलाशय आटून होडी काठाला लागली की कार्बुरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे. अन्यथा त्याचा चिकट थर बसतो. इंजिन असले तरी वल्ही आणि प्रत्येकासाठी तरंगजाकीट होडीत असलेच पाहिजे.

पाणी सर्वांचे आहे

जुन्या कार्बुरेटरच्या टू-स्ट्रोक इंजिनातील इंधनाचा सुमारे पाव हिस्सा न जळताच बाहेर पडतो. विष्णुपुरीचे पाणी नांदेड शहर पिते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते; पाण्याचे मोल या भागास वेगळे सांगावयास नको. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावर इंजिन वापरता येते की नाही, हे पाटबंधारे व मत्स्यव्यवसाय खात्यांस आधी विचारावे. परवानगी असल्यास, थोडे महाग पडले तरी फोर-स्ट्रोक इंजिनास पसंती द्यावी. यंत्रचलित नावेची नोंदणीही आवश्यक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मच्छीमार संस्थेच्या सभासदांस सौद्यापूर्वी ही माहिती द्यावी व जाणत्या मिस्त्रीची गाठ घालून द्यावी. तपासणीस लागणारा एक दिवस कुटुंबाची वर्षभराची बचत वाचवू शकतो.