आत्याला काय झाले होते?

स्तनात गाठ घेऊन आलेल्या बाईला आम्ही डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो, ‘घरात आणखी कुणाला झाले होते का?’ काही वर्षांपूर्वी ३८ वर्षांच्या एका शिक्षिकेला मी तो विचारला. आई ठणठणीत, मावश्या चांगल्या, आजी नव्वदीत गेलेली. केसपेपरवर ‘आनुवंशिकता नाही’ असे लिहून मी मोकळा झालो. तपासणीत कर्करोग निघाला. मुंबईला जाण्यासाठी चिठ्ठी घ्यायला तिचे वडील आले, तेव्हा बोलता बोलता म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, माझी धाकटी बहीण अशाच गाठीने गेली. पस्तिशीही उलटली नव्हती. थोरली पोटात पाणी होऊन गेली.’’

आत्यांबद्दल मी विचारलेच नव्हते.

ही चूक किती मोठी, हे मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन संशोधक बाईंचे काम पाहिले की कळते. १९७०च्या दशकात त्यांनी कामाला सुरुवात केली, तेव्हा एकाच जनुकातील दोषामुळे स्तनाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे फारसे कुणाला पटत नव्हते. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. हा रोग इतका सर्रास आढळतो, की एका घरात दोघींना होणे हा योगायोगही असू शकतो. बाई मुळात गणिताच्या. १९८८ साली त्यांच्या गटाने १५७९ कुटुंबांचा हिशेब मांडला आणि मोजक्या घरांत तरी रोग जनुकातूनच येत असावा, असे दाखवले.

पुढे २३ मोठी कुटुंबे, त्यांतील १४६ रुग्ण स्त्रिया. सगळी माहिती एकत्र पाहिली तर काही स्पष्ट दिसेना. मग रोग कोणत्या वयात झाला, त्या क्रमाने कुटुंबे लावली. जिथे बायकांना तरुणपणीच रोग झाला होता, तिथे सतराव्या गुणसूत्रावरची एक खूण रोगाबरोबर उतरत आलेली दिसली. उतारवयात होणाऱ्या कर्करोगाची कारणे बहुधा निराळी. ती घरे मिसळली की चित्र गढूळ होत होते. १९९० साली हे जाहीर झाले. १९९४ मध्ये युटातील मार्क स्कॉलनिक यांच्या गटाने प्रत्यक्ष जनुक शोधले. ते बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ सापडले.

ही जनुके मुळात आपल्या भल्याचीच. पेशीतील डीएनएचा धागा तुटला की तो सांधण्याचे काम त्यांच्याकडे. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. जन्मतः एक बिघडलेली असेल आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली, की डागडुजी थांबते. हा दोष मुलात किंवा मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी असते. पुरुषाला त्यातून स्तनाचा कर्करोग क्वचितच होतो, म्हणून वडिलांच्या अंगी तो गुपचूप राहतो. पोटात पाणी होणे हे बीजांडकोशाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते, आणि तोही याच दोषातून होतो. दोन्ही आत्या एकाच धाग्याने बांधलेल्या होत्या.

घाबरून सगळ्यांनीच रक्त तपासायला धावू नये. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत आनुवंशिक पाच ते दहाच. पण पन्नाशीच्या आत रोग झाला, बीजांडकोशाचा कर्करोग कुठल्याही वयात झाला, घरातल्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला, तर विचारावे. आधी रुग्णाची तपासणी, मग नातेवाइकांची. बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होतो, सगळ्यांना नव्हे. अशा स्त्रियांची पंचविशीपासून एमआरआय करून पाहणी करतात. मुले झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान, बीजांडकोश काढून टाकण्याचा सल्ला देतात.

शिक्षिकेच्या तपासणीत बीआरसीए-१ चा दोष निघाला. वडिलांनी विचारले, ‘‘म्हणजे हे माझ्याकडून आले?’’ मी हो म्हणालो. दुसरे काय सांगणार? पण त्यांनी बहिणींची हकिगत सांगितली नसती तर ती तपासणी झालीच नसती, हेही सांगितले. धाकट्या बहिणीत दोष नाही. भावाने अजून रक्त दिलेले नाही. त्याला दोन मुली आहेत. परवा दवाखान्यात येऊन बसला होता. जाताना विचारत होता, ताईचा रिपोर्ट बरोबर न्यावा लागेल का म्हणून.