सिझेरियनची भूल : कमरेतल्या सुईची भीती कशाला?

पिंपरी-चिंचवड असो की चाकण, सिझेरियनची तारीख ठरली की घरात पहिला सवाल हाच : "कमरेत सुई दिली तर कंबर कायमची जाईल का?" तसं होत नाही. मज्जारज्जू जिथे संपतो, त्याच्या खाली बारीक सुई टोचतात. छातीखालचा भाग काही तास बधिर होतो. ओढल्यासारखं जाणवतं, पण दुखत नाही. आई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं स्वतः ऐकते. बीपी उतरतं, थंडी वाजते. त्यावर औषध तयार असतं. सुईची जागा थोडे दिवस दुखू शकते.

दमा, अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, काहीही लपवू नका. उपाशी राहायला सांगितलं असेल तर दुधाचा चहासुद्धा नको. उलटी फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. दुआ जरूर करा, आणि मनातली भीती भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा.