पास काढावा की तिकीट?

मुलांनो, लोकलचा पास तुम्ही पाहिलाच असेल. कुणाच्या बाबांच्या खिशात, कुणाच्या आईच्या पर्समध्ये, तर आता पुष्कळांच्या मोबाइलमध्येसुद्धा तो असतो. पण पास नेहमीच स्वस्त पडतो का हो?

आमची शाळा वागळे इस्टेटमधली. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे पालक सकाळी बसने नाहीतर रिक्षाने ठाणे स्टेशन गाठतात. परवा चौथीत भागाकार चालला होता. मी विचारलं, "पास बरा की तिकीट?" सगळे ओरडले, "पास!" एक मुलगी मात्र गप्प. मग हळूच म्हणाली, "बाई, माझी आई तर तिकीटच काढते. ती चुकते का?"

तिची आई आठवड्यातून दोनच दिवस दादरला कामाला जाते. म्हटलं, चला, गणितालाच विचारू.

समजा, एका वेळचं तिकीट १० रुपये आणि महिन्याचा पास २०० रुपये. (हे आकडे फक्त गणितापुरते हं! खरे तुम्ही स्टेशनवर बघा.) जाऊन-येऊन रोजचे २० रुपये. २०० भागिले २० म्हणजे १०. दहा दिवस प्रवास झाला की पास आणि तिकीट सारखंच. फायदा सुरू होतो अकराव्या दिवसापासून. महिन्याला पंचवीस दिवस जाणाऱ्याचे ३०० रुपये वाचतात. आणि आईचे दिवस? आठ. तिकिटांचे झाले १६०. पास काढला असता, तर ४० रुपये वाया! त्या मुलीचा चेहरा असा काही खुलला, की विचारू नका. पण काम वाढून बारा दिवस झाले, तर? मग तिकिटांचे २४० होतात, म्हणजे पासच बरा. तेव्हा महिना सुरू होण्याआधी दिवस मोजायचे. शिवाय पास असला की रोज रांगेत उभं राहावं लागत नाही, हेही विसरू नका.

हेच गणित पार युरोपातही चालतं! उद्या तुम्ही आपल्या वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रातून पासपोर्ट काढलात आणि जर्मनीतल्या मामाकडे निघालात, तर कुणीतरी सांगेल, "युरेल पास घ्या." युरोपबाहेरच्या प्रवाशांसाठी हा पास १९५९ साली सुरू झाला. आता तो ३३ देशांत चालतो. त्यात एक प्रकार आहे, दोन महिन्यांत कोणतेही १० दिवस प्रवास करण्याचा. पासच्या किमतीला १० ने भागा. आलेला आकडा त्या त्या दिवसाच्या तिकिटाशी ताडून पाहा. रोज नवा देश पाहणार असाल, तर पास परवडेल. मामाकडेच मुक्काम आणि लांबचे प्रवास दोनच, तर आधी काढलेली साधी तिकिटं स्वस्त पडू शकतात.

आणखी एक मेख आहे. फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान गाड्यांत पास असला तरी जागेच्या आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. तेही बेरजेत धरा. मात्र ४ ते ११ वर्षांच्या मुलांना मोठ्या माणसाबरोबर मोफत पास मिळतो. एका मोठ्या माणसामागे दोन मुलं, बरं का!

"हवा तितका प्रवास करा" हे ऐकायला गोड लागतं. पण आपल्याला हवा तरी किती, हे आधी विचारायचं. आज रात्री आईबाबांजवळ बसा, त्यांचे या महिन्यातले प्रवासाचे दिवस मोजा आणि भागाकार करा. उत्तर काय येतं, ते त्यांनाही सांगा.